नायिकेने करार सोडला

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घरात गेला आठवडाभर सुतकी शांतता होती. नातीच्या लाडक्या बास्केटबॉलपटूच्या करारातलं शेवटचं वर्ष त्याच्या मर्जीवर होतं. ते खेळायचं, की सोडून मोकळं होऊन दुसऱ्या संघांची बोलावणी घ्यायची, एवढंच त्याने ठरवायचं होतं.

"तो जाणार गं आजी! सगळ्या टीम्स त्याच्या मागे लागतील."

"मलाही माझ्याबद्दल असंच वाटलं होतं," मी म्हटलं.

तेव्हा मी पस्तिशीची होते आणि मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची दरवर्षीची नायिका. एका वर्षी सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा मी फोनवरच मान वेळावून म्हटलं, "यंदा नको हो मला." आपल्याकडे नको म्हणजे अजून तीनदा आग्रह करा! शिवाय शेजारच्या गावातलं मंडळ मला पळवायला टपलेलंच आहे, अशी माझी खात्री होती. पण सेक्रेटरी अमेरिकेत पुरते मुरलेले. "ओके वहिनी, नो प्रॉब्लेम," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शेजारच्या मंडळाचाही फोन आला. मोदक वळून द्याल का, म्हणून.

शेवटी मीच फोन करून प्रॉम्प्टरचं काम पदरात पाडून घेतलं. विंगेतून नायिकेची वाक्यं इतकी जीव तोडून म्हटली, की नाटक संपल्यावर एक काकू म्हणाल्या, "आवाज छान लागला होता तुझा, पण तू दिसली कशी नाहीस?"

नात हसली नाही. "त्याला हे कुणीतरी सांगायलाच हवं," म्हणाली आणि माझी सगळी फजिती इंग्रजीत लिहून त्याला पाठवायला बसली.