आबांच्या कानातलं खातं

व्हायोलिन मी आयुष्यात कधी हातात धरलेलं नाही. तरी गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत बसून मी वीस-वीस व्हायोलिनं एकदम वाजवते. सकाळी साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवायची आणि दुपारी खानदेशी लग्नगीतांचे ट्रॅक करायचे, असा माझा दिवस. ट्रॅकमध्ये तंतुवाद्यांचा ताफा लागला की तो मी सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर स्वतः घडवते. तयार आवाज वापरणं मला कमीपणाचं वाटतं. लोक मला आखडू म्हणतात, आणि मी आहेच.

युक्ती तशी सोपी आहे. आठ धारदार आवाज घ्यायचे आणि एकेकाला सुरातून किंचित सरकवायचं. सगळे तंतोतंत जुळले तर एकटाच माणूस वाजवतोय असं वाटतं. थोडे थोडे चुकले की खोलीत माणसं भरतात. मग वरची धार कापायची आणि सुरुवात हळू करायची, म्हणजे कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज धाडकन न येता लांबून चालत आल्यासारखा येतो.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं काही कळत नसे. त्यांचा जन्म पावरलूमच्या खात्यात गेला. लूमच्या कारखान्याला आमच्याकडे खातंच म्हणतात. त्या खडखडाटात कान गेले. अगदी जवळून मोठ्यानं बोललं तरच थोडं पोचतं. वर एक भोग मागे राहिला. "मन्हा कानमा खातं चालू शे," ते म्हणत. जागेपणी, झोपेत, जेवताना, सतत. डॉक्टरांनी हात टेकले होते. चिडून भिंतीवर डोकं आपटताना मी त्यांना पाहिलंय, आणि ते मला सहन होत नसे.

एका दुपारी मला वाटलं, वीस व्हायोलिनं करता येतात तर आबांचं खातं का नाही? तसाच आवाज बाहेरून कानात सोडला तर आतला त्याच्याखाली झाकला जाईल. मी व्हायोलिनांचेच आवाज घेतले, हेडफोन पूर्ण मोठे करून त्यांना लावले आणि समोर बसवलं. खात्यात बोलणं ऐकू येत नाही म्हणून कारागीर हातांनी बोलतात, तसे ते मला हातांनीच सांगू लागले. तळहात खाली म्हणजे सूर उतरव. बोटं चोळली म्हणजे धार जास्त झाली. आठ-दहा दुपारी आम्ही हेच केलं. आवाज जुळत आला तशा आबांच्या खुणा कमी होत गेल्या, आणि मलाही ती व्हायोलिनं वाटेनात. एक दिवस त्यांनी मूठ मिटली. खात्याच्या भाषेत, बस, हेच.

दोन मिनिटं वाजू दिलं आणि बंद केलं.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ताडकन उठले, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कोन गया?" त्यांनी विचारलं.

माझा आवाज थांबला तसा त्यांच्या कानातलाही थांबला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. मिनिटभरच, पण थांबला होता. मला नाचावंसं वाटत होतं आणि ते दारावरची नजर काढत नव्हते. वीज असताना सगळ्या लूम एकदम बंद फक्त एकाच कारणानं होतात, खात्यात कुणी गेलं तर. आबांनी ते एकदाच पाहिलं होतं. शेजारच्या लूमवरचा गडी, गावाकडून त्यांच्याबरोबरच आलेला, करंट लागून गेला त्या दिवशी. आबांची त्याच्याकडे पाठ होती.

पुन्हा हा उद्योग करायचा नाही असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आबा आपणहून येऊन बसले आणि हेडफोन मागितले. आवाज ऐकला, मग मला खूण केली, बंद कर. ती मिनिटभराची शांतता संपेपर्यंत ते मान तिरकी करून बसले. मग रोजच येऊ लागले. मी खुशीत होते. आबांना विसावा मिळतोय असं मी मायला सांगितलंही.

"आबा, बरं वाटतं ना?" मी कानाशी ओरडून विचारलं.

"त्यानी माले हाक मारी व्हई," ते म्हणाले. "खातं चालू व्हतं. माले ऐकू उनी नही. आते ऐकस."

 म्हणजे हा विसावा नव्हता. माझ्या शांततेत बसून ते रोज करंट लागून गेलेल्या त्या गड्याच्या हाकेची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप एक आवाज जरासा सरकवला, म्हणजे जुळणार नाही आणि शांतताही येणार नाही. आबांनी क्षणात हेडफोन काढले.

"हाई आपलं खातं नही," ते म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. आवाज होता तिथे आणून ठेवला. लाज वाटली, आणि भीतीही.

मग दोन मिनिटं वाजवून मी बंद केलं. आबांनी डोळे मिटले. बाहेर गल्लीत टेम्पो माल उतरवत होता, आत माय भांडी घासत होती. आबांची मान हळूहळू डावीकडे वळली. त्या बाजूला फक्त भिंत आहे. आणि मग ते बोलले. एरवी ते बहिऱ्यासारखे मोठ्यानं बोलतात. हे अगदी हळू होतं, शेजारच्या माणसाला पुरेल इतकंच.

"उनू रे भाऊ, उनू."

आलो रे, आलो. आणि ते उठायला लागले.

मी दहाही बोटं पट्ट्यांवर दाबली. पण सुरुवात मीच हळू ठेवली होती, मोठ्या हौसेनं. आवाज लांबून चालत यायला चार सेकंद लागतात. तोवर आबा भिंतीकडे तोंड करून अर्धवट उभे होते, हेडफोनची वायर ताणलेली, आणि चेहऱ्यावर कुणीतरी ओळखीचं दिसावं तसं हसू. मी "आबा" म्हणून हाक मारली. ती त्यांना ऐकू गेली नाही.

मग खातं चालू झालं. ते परत खाली बसले, डोळे उघडले, बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.

"काबं चालू कयं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं, का चालू केलंस म्हणून.

मी पट्ट्यांवरची बोटं उचलली नाहीत.