मावशी, पायथन आणि नखाएवढे बेडूक

माझ्या बायकोच्या मावशींइतक्या निर्भयपणे एरर मेसेजला सामोरं जाणारं माणूस मी अख्ख्या अमेरिकेत पाहिलेलं नाही, आणि माझं तर पोटच सॉफ्टवेअरवर चालतं. आम्ही धंदेवाईक लोक पडद्यावर लाल अक्षरं उमटली की पहिली ओळ वाचतो, शेवटची वाचतो आणि मधलं सगळं देवावर सोडतो. मावशी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात, तेही मोठ्यानं. नोकरीची सगळी वर्षं न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आसपास त्या लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. "रडणारं मूल काहीतरी सांगतच असतं, घाई आपल्याला असते," हे त्यांचं तिथलं मत, आणि निवृत्त झाल्यावर ते त्यांनी जसंच्या तसं कॉम्प्युटरला लावलं. जर्सी सिटीतल्या माझ्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये फोन यायचा. "अरे, परमिशन डिनाइड म्हणतंय. लॉगिन रीतसर केलंय, पासवर्ड बरोबर आहे. याला माझी नक्की अडचण काय आहे?" मी दबक्या आवाजात सांगायचो, "मावशी, ती सगळ्यांची सामायिक मशीन आहे. तिच्या मुख्य जागेत परवानगीशिवाय कुणालाच काही टाकता येत नाही." यावर कुणीही वैतागलं असतं. मावशी क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग बरोबर आहे त्याचं. मीसुद्धा टाकू दिलं नसतं." आणि फोन ठेवून दिला.

हे सगळं सुरू झालं बेडकांमुळे. मावशींच्या घरामागं एक दलदल आहे, आणि थंडी सरली की तिथं नखाएवढे बेडूक शिट्टीसारखे ओरडू लागतात. गावातल्या काही हौशी लोकांनी त्यांची नोंद ठेवायला एक गट काढला होता. झाडाला रेकॉर्डर बांधायचा, आणि त्या आवाजात बेडूक किती, हे पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या एका प्रोग्रॅमकडून शोधून घ्यायचं. त्यासाठी एका विद्यापीठानं आपली ऑनलाइन मशीन वापरायला दिली होती. ब्राउझर उघडला की झालं, घरी काही लागत नाही. फक्त आवाजाचं पॅकेज, म्हणजे आवाज तपासणारा तयार प्रोग्रॅमांचा संच, तिच्यावर नव्हतं. ते मावशींनी टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर गायब. त्यांनी गटाला अत्यंत नम्र निरोप लिहिला की, ज्यांनी माझं पॅकेज काढलं त्यांच्याकडे तसंच काही कारण असणार, ते कळलं तर मी पुन्हा ती चूक करणार नाही. ते कुणीही काढलं नव्हतं. ती मशीन बंद झाली की स्वतःला धुऊनपुसून कोरी करते, एवढंच. त्यानंतर मावशी रोज सकाळी चहा झाला की पॅकेज नव्यानं टाकायच्या, पूर्वी पेशंट तपासण्याआधी हात धुवायच्या तितक्याच निमूटपणे. इन्स्टॉल होताना सरकणाऱ्या ओळी पाहण्यात त्यांना भलताच आनंद. मला बोलावून दाखवायच्या, "हे बघ, आमंत्रण एकाला दिलं आणि हा अख्खं गोत घेऊन आला. बरं, एकालाही वगळून चालत नाही." मग त्या गोतावळ्यातलं एखादं पॅकेज कुणी लिहिलंय ते शोधून काढायच्या आणि त्या अनोळखी माणसाला आभाराची ईमेल करायच्या. एकानं फिनलंडहून उत्तर पाठवलं होतं की, इतक्या वर्षांत तक्रार न करता लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

त्यांची ही रोजची खटपट बघून गटातल्या कुणाला दया आली आणि त्यानं मावशींना सगळ्यांच्या सामायिक एन्व्हायरन्मेंटमध्ये, म्हणजे सगळे मिळून वापरतात त्या पॅकेजांच्या कपाटात, पॅकेज टाकायची परवानगी देऊन टाकली. तिथं एकदा टाकलं की कायमचं राहतं. मावशींनी टाकलं. आवाजाच्या त्या पॅकेजला आकडेमोडीचं एक जुनं पॅकेज लागत होतं, म्हणून त्यानं तिथलं नवं काढून जुनं बसवलं. पडद्यावर तसं लिहूनही आलं होतं, आणि मावशींनी ते वाचलंही होतं. पण त्या नव्या पॅकेजवर दुसऱ्या कुणाचं काम चालू आहे हे त्यात कुठं लिहिलेलं असणार?

ते काम होतं पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी, त्याच मशीनवर वटवाघळांचे आवाज तपासत पीएचडी करणाऱ्या हॅना नावाच्या मुलीचं. तिचा प्रोग्रॅम चालेनासा झाला, आणि चारच दिवसांवर तिची परीक्षकांपुढची बैठक होती. तिनं मशीन वापरणाऱ्या सगळ्यांच्या गटावर विचारलं, एन्व्हायरन्मेंट कुणी बदललंय का? अशा प्रश्नावर आमच्या ऑफिसात स्मशानशांतता पसरते. मावशींनी तत्काळ उत्तर दिलं, "मी बदललं. उद्या सकाळी येते."

मी म्हटलं, "मावशी, येण्याची काय गरज आहे? हे इथूनसुद्धा होईल."

"इथून मी बिघडवलं ते पुरे झालं," त्या म्हणाल्या. "तू येणार आहेस का? नसशील तर मी ड्राइव्ह करते."

मी गेलो, तरी ड्राइव्ह त्यांनीच केला. चांगला चार तासांचा रस्ता, मागच्या सीटवर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणि बेसनाचे लाडू. हॅनानं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा जागरणानं ओढलेला होताच, वर त्यावर संकोच आला. ती म्हणाली, अहो, त्यासाठी तुम्ही एवढ्या लांब आलात? मावशींनी बूट काढले, खुर्ची ओढली आणि आजाऱ्याचा इतिहास घ्यावा तसं सुरू केलं. त्रास कधीपासून आहे? शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर नवीन काय दिलं? मी बोलायला लागलो की हातानं थांबवायच्या. हॅना उत्तरं देत गेली तशी सावरत गेली. दोघींनी मिळून सामायिक जागेत आधीची पॅकेजेस परत बसवली, आणि मावशींच्या बेडकांसाठी एक वेगळं एन्व्हायरन्मेंट केलं. आता तिथं काहीही टाका, दुसऱ्याला धक्का नाही. हॅनानं तिचा प्रोग्रॅम चालवला आणि आलेख एकेक करून पडद्यावर उतरू लागले. तिनं डोळे पुसले. मावशींनी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला.

जेवताना हॅना तिची वटवाघळं दाखवत होती. आवाजाचं चित्र, काळ्यावर पिवळ्या रेघा. मावशींनी विचारलं, "ऐकायला कसं वाटतं हे?" हॅना हसून म्हणाली, "कुणालाच ऐकू येत नाही. माणसाच्या कानाच्या पलीकडचं आहे. आम्ही सगळे नुसतं चित्रच बघतो."

मावशींचा चमचा थांबला. मग अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "मलाही माझे बेडूक येत नाहीत ऐकू. दोन वसंत झाले. वरच्या पट्टीचे बारीक आवाज गेलेत माझ्या कानांतून."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं. मावशींचं ते रोजचं पॅकेज टाकणं आम्ही निवृत्तीतला छंद समजत होतो आणि पार्ट्यांमध्ये त्यावर हसतही होतो. बेडूक आले की नाहीत, हे कळायला त्यांना तेवढी एकच वाट उरली होती, आणि त्याबद्दल त्या कुणाशीही चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आयुष्यभर ज्यांनी स्टेथोस्कोप लावून चिमुकल्या छातीतली बारीकशी कुरकुर पकडली, त्यांनी ते कुणाला सांगावं तरी कसं?

हॅनानं सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. ती म्हणाली, "थांबा, आवाजाची पट्टी खाली आणता येते." वटवाघळांसाठी ती तेच करायची. मावशींच्या नव्या एन्व्हायरन्मेंटमध्ये तिनं आणखी एक पॅकेज टाकायला घेतलं, आणि लगेच हात मागं घेतला. "तुम्हीच टाका." मावशींनी ओळ टाइप केली, गोत येताना पाहिलं आणि हेडफोन लावले. दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून धरले.

"म्हशीसारखे वाटतात रे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण आहेत. पुष्कळ आहेत."

हॅनाची बैठक चांगली झाली. हल्ली ती मावशींना दर रविवारी फोन करते आणि मराठी मंडळातली आयटीवाली मुलं मावशी दिसल्या की वाट बदलतात, कारण "तुझं एन्व्हायरन्मेंट वेगळं आहे ना?" हे विचारल्याशिवाय त्या कुणाला जेवू देत नाहीत.

परवा संध्याकाळी मावशी आणि मी त्यांच्या घरामागच्या डेकवर बसलो होतो. मावशी मटार सोलत होत्या आणि मी ऑफिसचं काहीतरी रडगाणं सांगत होतो. त्यांनी दलदलीकडे मान वळवून विचारलं, "सुरू झालेत का रे?"

"हो, मावशी. आज फारच."

"मग बोलू नकोस जरा," त्या म्हणाल्या. "ऐक तू."

मी ऐकत राहिलो. मावशींनी मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या.