सबर करा म्हणणारा मिस्त्री

आमच्या नांदेडच्या गल्लीतला सुतार मिस्त्री कानावरची पेन्सिल काढतो, लाकडाकडे बघतो आणि रेघ न मारताच ती परत कानावर ठेवतो. मग म्हणतो, "सबर करा, मावशी."

गेल्या पावसाळ्यात माझं पुढचं दार फुगलं. लागेना. थंड वाऱ्यानं माझे गुडघे धरतात, म्हणून दसऱ्याआधीच त्याला म्हटलं, "रंधा मार अन् मोकळं कर."

"लाकूड पाणी पिलंय. दिवाळीनंतर आपोआप बारीक व्हईल. सबर करा."

"म्हातारीला सबर शिकवतोस? काम नको हाय, असं सांग."

मी दुसरा सुतार बोलावला. त्यानं अर्ध्या तासात दार तासून दिलं. एका बोटानं लागायचं. मिस्त्री समोरून जाताना मी दोनदा मुद्दाम लावून दाखवलं.

दिवाळी झाली, लाकूड वाळलं आणि दाराला बोटभर फट पडली. वारा शिट्टी मारत आत येऊ लागला. गुडघे धरले. शेवटी मिस्त्रीलाच निरोप पाठवला.

त्यानं पेन्सिल काढली, पाहिलं, ठेवली. पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली. ती घरूनच कापून आणलेली होती आणि बरोबर दाराएवढी लांब होती. मुकाट्यानं ठोकू लागला. मलाच राहवेना.

"बोल की. सांगितलं होतं म्हण."

"मी कशाला? दारच बोलून राहिलं की, मावशी."

शेवटचा खिळा बसला आणि दार गप्प झालं. मी त्याच्या आधीच झाले होते.