लाल दिव्यापाशी थांबणारे बेलार्मिनो पाचोन

बोगोताच्या दक्षिण भागात बेलार्मिनो पाचोन यांना काका म्हणणारी मी एकटीच असेन. बाकी सगळ्यांचे ते ‘कासव’. मी नर्स, अँब्युलन्समध्ये मागे पेशंटजवळ बसायची; ते पुढे स्टिअरिंगवर. नऊ वर्षांत मी त्यांचं तोंड कमी आणि मान जास्त पाहिली.

मूळचे ते बोयाकाच्या डोंगरातले. तरुणपणी बटाट्याचे ट्रक चालवले, मग बायकोच्या, ओतिलियाच्या हट्टापायी शहरात आले आणि बावीस वर्षं अँब्युलन्स चालवली. एवढ्या वर्षांत कुणाला साधा ओरखडा नाही. सायरन बोंबलत असला, छतावरचे दिवे फिरत असले, तरी लाल सिग्नलला ते गाडी पूर्ण थांबवत. डावीकडे बघत, उजवीकडे बघत, सायरनचा सूर बदलत आणि मगच चौक ओलांडत. पुढचा गाडीवाला गोंधळला तर त्याच्या पाठीमागे भोंगा वाजवत नसत. घाबरलेला माणूस आधी ब्रेक मारतो, हे त्यांचं म्हणणं.

“यानेतबाई, सायरन म्हणजे विनंती. हुकूम नव्हे,” ते मला सांगायचे.

आमच्याकडे अपघाताची खबर रेडिओवर आली की पाच कंपन्यांच्या पाच गाड्या एकदम सुटतात. जी आधी पोचेल, तिचा पेशंट आणि तिचेच पैसे. खबर येईपर्यंत सगळे ड्रायव्हर कोपऱ्यावरच्या खाण्याच्या हातगाडीशी उभे राहून एम्पानादा, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्या, खात एकमेकांची टर उडवतात. त्यात दुसऱ्या कंपनीचा फेर्नेय तोलोसा सगळ्यांत पुढे.

“काय कासवराव, आज तरी पोचणार का? की पेशंट आपला आपण बरा होऊन घरी जाईल?”

“तू पोचतोस ना, मग झालं तर. पण एक दिवस तू आडवा पोचशील बघ.”

“तुमच्या गाडीतून नको हं! वाटेतच म्हातारा होईन मी!”

सगळे खो खो हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण मला एक गोष्ट दिसत होती आणि ती मला नकोशी वाटत होती. काकांच्या थांबण्याची सगळ्यांना सवय झाली होती. आमची गाडी जुनी, बोजड, छतावरचा एक दिवा कायम मेलेला. लांबूनच ओळखू यायची. ती दिसली की लाल बसवाले, मोटरसायकलवाले, दुसरे अँब्युलन्सवाले उलट वेग वाढवायचे. कासव काय, थांबणारच!

काकांनाही ते दिसत होतं. “ज्या दिवशी मी थांबणार नाही ना, यानेतबाई...” असं एकदोनदा म्हणालेही.

मार्चमधला मंगळवार होता, दुपारचे दोन. बेकरीत काम करणारी दामारिस घरातच बाळंत झाली होती. बाळ धडधाकट, आजीच्या मांडीवर. हिचं रक्त मात्र थांबेना. मी तिच्या पोटावर दोन्ही हातांनी दाब देऊन बसले होते. ओठ पांढरे पडत चालले होते. रस्ता गच्च भरलेला. काका डावी कड धरून वाट काढत होते, आणि दोन सिग्नलांना नेहमीसारखेच थांबले.

तिसरा मोठा चौक समोर आला. मी एक हात काढून दामारिसची नाडी पाहिली, तर बोटांना लागेना.

“काका, थांबू नका!” मी ओरडले. “बाई हातची जातेय! आज तरी थांबू नका!”

त्यांनी आरशात एकदा माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी नऊ वर्षांत पाहिली नव्हती. गाडी थांबली नाही.

उजवीकडून फेर्नेय येत होता. गाडीत पेशंट नाही, पण सायरन, दिवे सगळं चालू. कुठल्याशा मोटरसायकलच्या अपघाताची शर्यत लागली होती. आम्ही त्याच्या गाडीच्या दारावर आदळलो. त्याची गाडी खांबावर गेली. फेर्नेय जागच्या जागी गेला.

त्याच्या गाडीतला मदतनीस फुटपाथवर बसून एकच वाक्य बडबडत होता. “म्हणाला, कासव आहे, थांबेल. थांबेल म्हणाला.”

त्याच शर्यतीतली मागची गाडी दोन मिनिटांत तिथे पोचली आणि दामारिसला घेऊन गेली. ती वाचली.

चौकशीला आम्ही दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर होतो, माझ्या मानेला पट्टा.

“बावीस वर्षं थांबलात,” अधिकारी म्हणाला. “त्या दिवशीच का नाही थांबलात?”

“चूक झाली साहेब. मला घाई झाली.”

“कुणी घाई करायला सांगितलं होतं?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. नोकरी आठवली, मुली आठवल्या आणि मी पट्ट्याआड मान घालून बसले. मी भित्री आहे, हे मला त्या खुर्चीत कळलं. काकांचं लायसन्स गेलं. खटला अजून चालू आहे.

गेल्या रविवारी ओतिलियाकाकूंचा फोन आला.

“यानेत, अगं हे जेवत नाहीत, बोलत नाहीत. तुझ्यावर फार जीव आहे त्यांचा. तूच विचार ना त्यांना, त्या दिवशी असं काय झालं ते?”

“विचारते हं काकू,” मी म्हणाले.