चेडवांची उंची

सर्वण गावच्या विनोदिनी गावसला कुणी कीव करून सोपं करून दिलेलं काम कधीच खपलं नाही. शेताचं कुंपण ती फाटकाकडे न वळता उडी मारून ओलांडायची आणि आईच्या शिव्या खायची. गोवा राज्य झाल्यावर काही वर्षांनी विभागीय कॉलेज स्पर्धेत मुलींसाठी पहिल्यांदाच लांब काठीच्या आधाराने उडी मारायचा पोल व्हॉल्ट ठेवला, तेव्हा हातांची सालटी निघेपर्यंत तिने सराव केला.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर येऊन बघते तर पंच कृष्णनाथ सरांनी आडवी दांडी जेमतेम छातीइतकी लावलेली.

"चेडवांका इतकां पुरो," असं म्हणून सर पाहुण्यांकडे बघत हसले, जणू पोरींवर उपकारच केला. पाहुणेही मान डोलावून हसले. तिला किळस आली.

नाव पुकारताच विनोदिनीने हातातला पोल गवतावर टाकला, धावत आली आणि नुसतीच उडी मारून दांडीपलीकडच्या गादीवर पडली. उडी बाद म्हणून सरांनी लाल झेंडी वर केली.

"काठी खंय गो तुझी?"

गादीवरून उठत ती म्हणाली, "इतक्याक काठी म्हातारे घेतत, सर. ती तुमकाच ऱ्हवांदे."