त्याले आधी घ्या

रविवार. आज पांढुर्ण्यात अपघातातल्या जखमींना मदत कशी करायची ते शिकवणारं शिबिर होतं. मी गेले.

डॉक्टर म्हणाल्या, "ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो. गप्प बसलेल्याला आधी पाहा. हात गार, सारखी तहान, म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो."

मागच्या हंगामात बोरगावजवळ संत्र्यांचा टेम्पो उलटला. दवाखान्यात माझ्या भावाने पाय मोडलेल्या सोबत्याकडे बोट दाखवलं. "त्याले आधी घ्या. तो ओरडून राहिला. मले फक्त पाणी दे, ताई."

भावाचे हात गार होते. आम्ही म्हटलं, किती धीराचा! त्याची पाळी येण्याआधीच तो गेला.

तुमच्यासमोर असा कोणी गप्प बसला, तर डॉक्टरला हाक माराल ना?

घरी आले आणि भावासोबत भरायचे तो माठ एकटीनेच भरून ठेवला.