खिडक्या लख्ख हायत

शिवाअप्पा लेकीच्या घरी गेले की आधी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत आणि ते जिभेला लावत. "खारट लागलं, मास्तर!" परत आल्यावर ते मला मोठ्या काळजीने सांगायचे. गंगाखेडला माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्यांचं अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान होतं.

गौरा त्यांची एकुलती एक. जावई सोनपेठचा, पण नोकरी रत्नागिरीला आणि घर अगदी समुद्रासमोर. अप्पांनी तिच्यासाठी स्वतः खिडक्या केल्या, अॅनोडाइज केलेल्या, म्हणजे वर पक्कं कवच चढवलेल्या. इथल्या सवयीने स्क्रू मात्र लोखंडी मारले. खाऱ्या हवेने वर्षभरात प्रत्येक स्क्रूभोवती अॅल्युमिनियम पांढरं पडून त्याचा भुगा व्हायला लागला. अप्पांनी हायच खाल्ली. मग स्टेनलेसचे स्क्रू, त्यांच्याखाली प्लॅस्टिकचे वायसर आणि कापलेल्या कडांना सिलिकॉन, असं सगळं नव्याने करूनच ते परतले.

त्यानंतर दर सोमवारी पूजा आटोपली की फोन, तोही स्पीकरवर. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"गौरे, खिडक्या धुतल्या का? गोड्या पान्यानं?"

"धुतल्या, अप्पा."

"तारंची घासनी न्हाई ना लावली? कवच गेलं की मीठ आत शिरतंय बग."

"न्हाई हो. कवातरी माजी बी खबर घ्या की!"

"खिडक्या नीट हायत म्हंजी तू बी नीट हाईस."

यावर तिकडे ती हसायची आणि इकडे मी.

एके वर्षी तिला काविळीने धरलं. अप्पांच्या जिवाला घोर नको म्हणून तिने सांगितलंच नाही. सोमवारी विचारलं की थकल्या आवाजात म्हणायची, "लख्ख हायत, अप्पा." धुवायला बाई लावली होती, हे मागाहून कळलं. अप्पा फोन ठेवून निर्धास्त कामाला लागायचे. जावयाचा फोन आला तेव्हा फार उशीर झाला होता.

तिला सोनपेठला आणलं. आम्हा लिंगायतांत माती देतात, आणि माती लोटण्याआधी विभूती, बेल आणि मीठ घालतात. विधी करणाऱ्या स्वामींनी मिठाची ओंजळ भरली तशी अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

"मीठ नगं, सामी. माज्या लेकीला मीठ नगं."

स्वामी हळूच म्हणाले, "रीत हाय, अप्पा."

बऱ्याच वेळाने अप्पांची बोटं सैल झाली.

"टाका मग," ते म्हणाले. "पर तोंडाकडं नगा टाकू."